मोबाईलवर शोधून आणा, म्हणजे काय?

प्रश्न : माझी नात सहावीत आहे. शाळेतून 'इंटरनेटवरून माहिती शोधून आणा' असं सांगतात. मग ती झेरॉक्सच्या दुकानात जाते, दुकानदार विषय टाइप करतो, चार पानं छापून देतो, आम्ही पैसे देतो. परवाचा विषय होता असईची लढाई. नातीने त्यातली एक ओळही वाचली नाही. याला शिक्षण म्हणायचं का?
– एक आजोबा, भोकरदन तालुका, जि. जालना

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण दोष इंटरनेटचा नाही आणि दुकानदाराचा तर मुळीच नाही. दोष प्रश्नाचा आहे. 'माहिती आणा' म्हटलं की माहिती येणारच, ती आयती पडलेली आहे. ती उचलायला नातच कशाला हवी? आता तर मोबाईलमधली कृत्रिम बुद्धिमत्ता तीच चार पानं शुद्धलेखनासकट लिहून देते. (सहावीच्या वहीत इतकं शुद्ध मराठी दिसलं की बाईंना तिथेच संशय येत असावा.)

आता हाच विषय जरा वेगळा विचारून पाहू. २३ सप्टेंबर १८०३. पुढे वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध जिंकलेला आर्थर वेलस्ली तेव्हा तुमच्याच भागात नदीच्या दक्षिण काठावर उभा होता. पलीकडे शिंदे-भोसल्यांची फौज भोकरदनपासून असईच्या बाजूला पसरलेली. नदी ओलांडायची होती आणि वाटाडे सांगत होते की इथे उतार नाही. तेवढ्यात त्याला दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. नातीला विचारायचं ते इतकंच : ती गावं पाहून त्याने कोणता तर्क केला असेल, आणि ती जागा आज नकाशावर कुठे सापडते?

याचं उत्तर एका पानावर छापून मिळत नाही. आधी तर्क करावा लागतो : दोन गावं अशी समोरासमोर असतील तर त्यांचं येणं-जाणं, सोयरीक, बाजारहाट असणारच, म्हणजे पाण्यातून वाट असलीच पाहिजे. वेलस्लीनेही हेच ताडलं, माणूस पाठवून खात्री केली आणि फौज उतरवली. लढाई दोन नद्यांच्या बेचक्यात झाली, म्हणून मग उपग्रहाच्या नकाशावर त्यांचा संगम शोधायचा. इथे मुलं हमखास अडतात. इंग्रजी पुस्तकांत नद्यांची नावं 'कैटना' किंवा 'कैलना' आणि 'जुआह' अशी आहेत. ती तशीच मराठीत टाकली तर हाती फारसं काही लागत नाही. ज्या मुलीने जुई धरणाचं नाव ऐकलंय आणि जी रोज केळनेच्या पुलावरून शाळेत जाते, तिच्या मात्र लक्षात येतं : अरे, ही तर आपली केळना आणि आपली जुई! साहेबाने ऐकलं तसं लिहिलं. या एका क्षणासाठी तो सगळा खटाटोप करावा, असं माझं मत आहे.

पुढची अडचण याहून बरी. इंग्रजांची फौज किती होती? कुठे साडेचार हजार सापडतात, कुठे साडेनऊ हजार. मुलं म्हणतात, एक पान खोटं आहे. तसं नसतं. सामानाच्या राखणीला मागे ठेवलेले शिपाई मोजायचे का, म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार धरायचे का, यावर आकडा फिरतो. आणि पेशव्यांचे घोडेस्वार इंग्रजांच्या बाजूला कसे, हा नवा प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर १८०२ च्या वसईच्या तहात आहे. म्हणजे आकड्याच्या शंकेतून मूल तहापर्यंत पोचलं, आणि तेही कुणी न सांगता.

ही पद्धत तशी नवी नाही. अमेरिकेत सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या बर्नी डॉज यांनी टॉम मार्च यांच्या साथीने १९९५ मध्ये तिला 'वेबक्वेस्ट' नाव देऊन बांधीव रूप दिलं. त्यातली मेख अशी की पानं शिक्षकच आधी निवडून ठेवतात. मुलांचा वेळ शोधाशोधीत जाऊ नये, मिळालेल्या माहितीचं काय करायचं यात जावा. म्हणजे खरा गृहपाठ मुलांच्या आधी गुरुजींना असतो. मला वाटतं, 'शोधून आणा' एवढंच सांगून मोकळं होण्यामागचं एक कारण हेही असावं.

'पण आमच्याकडे संगणकाची खोली कुठे आहे?' ही शंका नेहमी येते. दर मुलामागे एक यंत्र लागतं, हा गैरसमज आहे. सुगाता मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवून वस्तीतल्या मुलांसाठी खुला ठेवला. मुलं घोळका करून एकमेकांना शिकवत होती. तोच प्रयोग आपल्या सिंधुदुर्गातही झाला. २०१३ च्या टेड पुरस्कारानंतर त्यांनी ज्या मोजक्या ठिकाणी प्रयोगशाळा उभारल्या, त्यांतली एक साताऱ्यातल्या फलटणला होती. तिथे चारेक मुलांचा गट, एक संगणक आणि एक मोठा प्रश्न, अशी मांडणी असते. चार डोकी एका पडद्यापुढे आली की एक वाचतो, दुसरी अडवते, तिसरा म्हणतो, हे खरं कशावरून? एकट्याच्या हातात मोबाईल असला की हे 'कशावरून' विचारणारं कुणी नसतं, आणि पाचव्या मिनिटाला रील सुरू होतात.

यावरून काहींनी मास्तरच नकोत असा अर्थ काढला. तो मला पटत नाही. यंत्र चालवायला मुलं आपापली शिकतात हे खरं, पण केळनेच्या उताराचा प्रश्न कुणीतरी विचारावाच लागतो.

वयाचं म्हणाल, तर तिसरी-चौथीच्या मुलांना मोकळं सोडू नये. त्यांना बाईंनी निवडलेली दोन पानं पुरेत, तीही छापून दिली तरी चालतात. मराठी विश्वकोश आणि बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत, सुरुवात तिथून करावी. सहावी ते आठवीच्या मुलांना थोडा दोर सैल द्यावा आणि त्यांनी दर विधानाशेजारी ते कुठून घेतलं हे लिहावं. एवढ्या एका अटीने झेरॉक्सच्या चार पानांतली साडेतीन गळून पडतात.

विषय शोधायला लांब जायला नको. जालन्याच्या आसपास लोखंडाची खाण नाही, मग एवढे पोलादाचे कारखाने इथे कसे? ही गोम भंगारात आहे, पण ते भंगार कुठून येतं आणि भट्ट्यांना वीज किती लागते, हे सातवीच्या मुलांना आठवडाभर पुरेल.

तुम्हाला मात्र एक विनंती. केळना तुम्ही लहानपणापासून पाहताय, उतार कुठे असणार हे तुम्हाला बसल्या जागी सांगता येईल. नातीला इतक्यात सांगू नका. आधी तिला नकाशावर शोधू द्या, मग एखाद्या रविवारी दोघं नदीवर जाऊन तिचं बोट बरोबर पडलं का ते पाहा.