घरी येण्याआधीची तयारी

वजनाच्या ऑपरेशनबद्दल लोक मला दोनच गोष्टी विचारतात. किती किलो उतरलं आणि खर्च किती आला. घरात आधी काय तयारी करावी, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. ऑपरेशन सर्जन करतो, ते दीड-दोन तासांत उरकतं. पुढचे दोन-तीन महिने निभवायचे असतात ते आपण आणि घरच्यांनी. ज्यांची तारीख ठरली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी विम्याचं बोलते, कारण गाडी बहुधा तिथेच अडते. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय 40 किंवा जास्त हवा. किंवा 35 आणि त्यासोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, गंभीर स्लीप ॲप्निया, हृदयविकार असं काहीतरी हवं. सर्जन मंडळींचं माप वेगळं. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आशियाई लोकांसाठी हा आकडा 27.5 पर्यंत खाली आणला आहे, कारण आपल्याकडे मधुमेह कमी वजनातच गाठतो. त्यामुळे डॉक्टर ‘करून घ्या’ म्हणतात आणि कंपनी ‘बसत नाही’ म्हणते, असं सर्रास होतं. पॉलिसीतला प्रतीक्षा काळही तपासा. मंजुरी कागदावर आल्याशिवाय ॲडव्हान्स भरू नका.

ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, बराचसा पातळ आहार देतात. त्यामागे कारण आहे. जाड माणसाचं यकृत चरबीने मोठं झालेलं असतं आणि ते जठरावर झाकण घालून बसतं. ते आकसलं की सर्जनला दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. नेमक्या याच दिवसांत नातेवाइकांना आपल्या जेवणाची काळजी लागते. ‘पुढे मिळायचं नाही, आता खाऊन घे’ म्हणत पुरणपोळ्यांचे डबे येतात. हे डबे दारातूनच परत पाठवायचं काम घरातल्या एका खमक्या माणसाकडे द्या. आमच्याकडे ते ह्यांनी केलं, म्हणून जाऊबाई अजून माझ्याशी बोलतात.

दवाखान्याची बॅग लहान असली तरी चालते. पुढून बटणांचा सैल गाऊन, ओठांना लावायचं मलम, लांब वायरचा चार्जर, न घसरणाऱ्या चपला. झोपेत सीपॅप मशीन लावत असाल तर तेही न्या. ऑपरेशनच्या वेळी पोटात वायू भरतात, त्यामुळे नंतर खांदा दुखतो. मला टाक्यांपेक्षा खांद्याचाच त्रास जास्त झाला. त्याला उपाय चालण्याचा. संध्याकाळीच उठवून चालवतात, पायांना घट्ट मोजे घालतात, तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायला लावतात. कंटाळा करू नका. पायांत रक्ताची गुठळी आणि छातीत कफ, या दोन्हींपासून तेच वाचवतं.

आता माझ्या बाबतीत जे घडलं ते. माझं ऑपरेशन पुण्यात झालं, घर सांगलीला. डिस्चार्जच्या कागदावर आहाराचा तक्ता सविस्तर होता. औषधांपुढे मात्र एकच ओळ होती, ‘पूर्वीची औषधे चालू ठेवावीत.’ पूर्वीच्या औषधांत बीपीची गोळी होती आणि तिच्यातच लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. पोटात दिवसभरात जेमतेम लिटरभर पाणी जात होतं, वजन उतरत होतं आणि गोळी मात्र जुन्याच मापाची. एका सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधारी आली. दाराची कडी हातात सापडली म्हणून डोकं फुटलं नाही. आमच्या गल्लीतले डॉक्टर आले, बीपी मोजलं, 90 आणि 60. पुण्याला फोन लावून त्यांनी ती गोळी बंद केली. ‘कळवायला हवं होतं,’ असं तिकडून उत्तर आलं. कुणी कुणाला कळवायचं, ते काही मला अजून उमगलेलं नाही.

म्हणून दवाखान्यात जातानाच रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. डिस्चार्जच्या वेळी एकेक पाकीट डॉक्टरांपुढे ठेवा आणि ‘चालू, अर्धी, बंद’ असं प्रत्येकापुढे लिहून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण साखर वजनाच्याही आधी उतरू लागते. अंगदुखीसाठी घरात पडलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या न विचारता घेऊ नका. जठराला व्रण होऊ शकतो. गाव लांब असेल तर पहिला आठवडा शक्यतो त्याच शहरात नातेवाइकांकडे काढा. गाडीने निघालातच तर पोटाशी उशी धरा आणि वाटेत उतरून थोडं चाला.

स्वयंपाकघराची तयारी म्हणजे मिक्सर, बारीक गाळणी आणि खोकल्याच्या औषधासोबत येतं तसलं 30 मिलिलिटरचं माप. स्लीव्ह प्रकारच्या ऑपरेशनात जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढलेला असतो, उरलेल्या नळीत अर्धी वाटी मावली तरी खूप. ते एक माप पाणी दहा-पंधरा मिनिटांत, घोट घोट, दिवसभर. घाई केली की छातीत दाटून येतं. आधी पाणी, पातळ ताक, डाळीचं वरचं पाणी. मग घट्ट पातळ पदार्थ, मग वाटलेलं, मग मऊ. रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. ती नुसत्या वरणातून होत नाहीत, पावडर लागतेच. पुढे जेवण सुरू झालं की जेवताना पाणी नाही, त्यानंतरही अर्धा तास नाही.

हे वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवलं होतं, ते माझ्यासाठी कमी आणि सासूबाईंसाठी जास्त. ‘अगं, एवढ्याशा पाण्यावर कसं भागेल? मऊ भाताचे दोन घास खा की,’ असा त्यांचा रोजचा आग्रह. त्यांचं चुकत नव्हतं. घरात आजारी माणसाला त्यांनी आयुष्यभर तसंच उभं केलं होतं. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवर त्यांनाच समजावलं. त्यानंतर घड्याळ लावून माप भरायला त्याच बसायच्या. घरातली जी व्यक्ती चमचा हातात घेणार आहे, तिला ऑपरेशनच्या आधीच आहारतज्ज्ञाकडे घेऊन जा.

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, स्वस्थ बसलेलं असतानाही नाडी 120 च्या वर, धाप, पिंढरीला एका बाजूने सूज, पाणीही न टिकणारी उलटी: तडक दवाखाना गाठा, मध्यरात्र असली तरी. सारखी उलटी होत राहिली तर थायमिन कमी पडून मेंदूवर आणि नसांवर परिणाम होतो, एवढं ध्यानात ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. बहुतेकांचे परत येतात, तेलावर पैसे घालवू नका. बायकांनी वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत, याची व्यवस्था आधीच डॉक्टरांशी बोलून करावी. बी-12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि वर्षाकाठी रक्ततपासणी हे मात्र जन्माचं आहे. बरं वाटतंय म्हणून ज्यांनी ती सोडली असेल, त्यांनी या आठवड्यात लॅबमध्ये जाऊन रक्त द्यावं.