शेवटच्या ओळीतला सभासद

ताईने फोनवर सहज सांगितलं आणि मामांना राहवेना. भाचीने गावच्या दूध संस्थेसाठी दहा दिवसांच्या बिलाचा छोटा प्रोग्रॅम सी भाषेत लिहून दिला होता. त्यात एका सभासदाच्या नावावर १४५० ऐवजी १४५ रुपये निघाले. सचिवांनी विचारलं, तर पोरगी म्हणाली, ‘फाइलच खराब आहे, माझा कोड बरोबर आहे.’ मामा पॉलिटेक्निकात सी शिकवून निवृत्त झालेले. त्याच संध्याकाळी त्यांनी पत्र लिहायला घेतलं. अनेक उत्तम आशीर्वाद लिहून झाल्यावर पहिलाच प्रश्न होता: तो सभासद यादीत शेवटचा होता का गं?

उत्तराची वाट न पाहता पत्र पुढे धावतं. ‘एफगेट्स’ ओळ वाचतं तेव्हा एंटरची खूणही बफरमध्ये आणून ठेवतं. ती काढायची म्हणून भाचीने प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर न बघताच उडवलं असणार, हा मामांचा तर्क. पण सचिवांनी शेवटच्या रकमेनंतर एंटर दाबलाच नसेल, तर तिथे खूण नसते. मग उडतं ते शून्य. आणि त्यांनी एंटर दाबला असता तर? तुझं लूप ‘एफईओएफ’वर चालत असेल, तर तोच सभासद दोनदा आला असता, मामा लिहितात. फाइल संपल्याचं ते फंक्शन आधी सांगत नाही. वाचायला जाऊन हाती काही लागलं नाही की मगच सांगतं. तोवर बफरमध्ये जुनीच ओळ पडून असते. म्हणजे एका एंटरवर त्या माणसाचं बिल अवलंबून! ‘आणि तू फाइलला नावं ठेवतेस?’

या वाक्याखाली त्यांनी रेघ ओढली आहे.

मग ते प्रोग्रॅम सभासदांची गावं ज्या यादीशी जुळवतो, तिच्याकडे वळतात. संस्थेचा संगणक विंडोजवर चालतो, भाचीचा लॅपटॉप लिनक्सवर. विंडोजवरची ओळ दोन बाइटांनी संपते, १३ आणि १०: आधी कॅरेज रिटर्न, मग लाइन फीड. ही टेलिप्रिंटरच्या काळातली जोडी. एकाने छापणारा भाग डावीकडे परत जायचा, दुसऱ्याने कागद एक ओळ वर सरकायचा. युनिक्सने फक्त १० ठेवला. विंडोजवर फाइल टेक्स्ट म्हणून उघडली तर सीची लायब्ररी १३ काढून टाकते, लिनक्सवर तो तसाच राहतो. त्यामुळे ‘कराड’ हे ‘कराड’शी जुळत नाही आणि पडद्यावर तर दोन्ही अगदी सारखे दिसतात. मामांनी तिला एक प्रयोग करायला सांगितलाय. गावाचं नाव चौकटी कंसात छापून बघ. ‘[कराड]’ऐवजी ‘]कराड’ दिसलं, तर १३ तिथेच बसलाय: त्याने कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेला आणि बंद कंस उघड्या कंसावर छापला गेला. खात्री करायची तर ‘ओडी’ कमांडने फाइल बाइट-बाइट उघडून बघायची. उपाय एका ओळीचा आहे. ‘एसटीआरसीएसपीएन’ला १३ आणि १० दोन्ही द्यायचे, पहिला जिथे सापडेल तिथे शून्य बाइट ठेवायचा. खूण नसली तरी ते काही मोडत नाही. लूपही ‘एफईओएफ’वर नको, ‘एफगेट्स’ने नल दिला की थांबायचं.

यानंतर पत्राचा सूर चढतो. बफर किती मोठा घेतलास? देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘महाबळेश्वर’चे ३० बाइट होतात. ‘एफगेट्स’ला ३० सांगितले तर ते २९च वाचतं, कारण एक जागा शेवटच्या शून्यासाठी लागते. ‘र’चे दोन बाइट इकडे राहतात, तिसरा पुढच्या वाचनात जातो, आणि एकाची दोन गावं होतात. म्हणून आलेल्या तुकड्यात १० आहे का ते बघायचं. नसेल आणि फाइलही संपली नसेल, तर ओळ अजून बाकी आहे. ‘गेट्स’ तर वापरलं नाहीस ना? १९८८च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म इंटरनेटवर पसरला तो ज्या वाटांनी, त्यातली एक हीच. ‘फिंगर’ सेवेच्या प्रोग्रॅममध्ये ५१२ बाइटांचा बफर होता, वर्मने ५३६ पाठवले, आणि ‘गेट्स’ला मर्यादा सांगायची सोयच नव्हती. सीच्या २०११च्या मानकातून ते फंक्शन काढूनच टाकलं.

इथे पेन थांबलं असावं, कारण पुढच्या ओळीची शाई वेगळी आहे.

उमेदीच्या वर्षांत वर्गात मामांचा दरारा होता. प्रोग्रॅम चुकला की ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवत. त्यांना तेव्हा ती शिस्त वाटे. पोरं हळूहळू फक्त चालणारे प्रोग्रॅम दाखवायला लागली, बिघडलेले लपवू लागली, आणि काही पोरं यायचीच थांबली. त्या पोरांना जवळ बसवून एखादी फाइल सोबत वाचली असती तर, असं त्यांना अजून वाटतं. भाचीचं ‘फाइलच खराब आहे’ ऐकल्यावर त्यांना ती पोरं आठवली. तू माझ्यापासून तर लपवत नाहीस ना, हे त्यांनी आडवळणाने दोनदा विचारलंय. तिसऱ्यांदा सरळ विचारलंय.

मग सभासदाकडे परत. त्याला उरलेले १३०५ रुपये मिळाले का? सचिवांना भेटलीस का? नसलीस तर रविवारी आपण दोघं जाऊ, बोलायचं काम मी करतो. पुढे लिहिलंय, की अठराव्या वर्षी अख्ख्या संस्थेचं बिल अंगावर घेणारी पोर आपल्या घरात आहे, हे ताईला कळत नसेल, मला कळतं. लहानपणी माझ्या जुन्या कीबोर्डची बटणं उपटून ठेवायचीस, तेव्हाही मी ओरडलो होतो. ते बरोबर नव्हतं.

शेवटी ताकीद म्हणून काहीच नाही. फाइल आहे तशी पाठव, दुरुस्त करून नको. चुकीचं बिल छापलंय तो कागदही पाठव. रात्री उशिरा अडलीस तर फोन कर, मामीला सांगून ठेवलंय, ती उठवेल मला. चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय असं ताई म्हणाली, तो नीट तपासून घे, आणि त्याचे पैसे माझ्याकडून घे, आईला सांगू नकोस.