हुन्नरी मुलाचे संगोपन

प्रश्न : आमचा १७ वर्षांचा मुलगा पुस्तके टाळतो, पण बिघडलेला पंप खोलून नीट करतो, सल्ला मात्र जुमानत नाही. काय करावे? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : ज्यांची बुद्धी शब्दांहून कृतीत अधिक प्रकट होते, हुकूम जाचला तरी प्रत्यक्षाचा दाखला ज्यांना तत्काळ पटतो, अशी स्वावलंबी माणसे करवीरनगरीस अपरिचित नाहीत, येथील बाबूराव पेंटरांनी सहकाऱ्यांसह कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट सिद्ध केला. चिरंजीवांस उपदेशाऐवजी जबाबदारी द्या, शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या कारखान्यात उमेदवारी करू द्या. मात्र हाती घेतलेले काम तडीस नेण्याचा दंडक अवश्य घाला, कारण जिज्ञासा शमताच काम अर्धवट टाकणे हेच या स्वभावाचे वैगुण्य होय.