ग्रॅनी केबल घ्यावी की नाही?

इंग्लंडात नव्याने येणाऱ्या कुटुंबांच्या प्रश्नांचा क्रम आम्हाला आता पाठ झाला आहे. पहिल्या महिन्यात जीपी कुठला, शाळा कुठली, कढीपत्ता कुठे मिळतो. सहा महिन्यांनी गाडी. आणि हल्ली गाडीच्या पाठोपाठ हा: "वापरलेली इलेक्ट्रिक घेतोय, पण डीलर म्हणतो केबलचे पैसे वेगळे. घेऊ का?" स्लाऊ, रेडिंग, मिल्टन कीन्स आणि लेस्टर इथल्या काही घरांना विचारून जे हाती आलं ते इथे मांडलं आहे. सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर झालं: केबलची किंमत विचारण्याआधी घरातली भिंत बघा. बाकी मतभेद आहेत, त्यात मी माझं मत घुसवलं आहे.

आधी नावांचा घोळ. "केबल" म्हणून इथे दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि निम्मी माणसं चुकीची घेऊन येतात. एक केबल दोन्ही टोकांना जाड, गोलसर टाइप २ प्लगची असते, मधे काही नाही. सुपरमार्केटच्या पार्किंगमधला, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातला चार्जर असतो त्याला बहुतेक वेळा स्वतःची केबल नसते, तिथे ही लागते. दुसरी केबल एका टोकाला टाइप २, दुसऱ्या टोकाला घरातला तीन पिनांचा प्लग आणि मधे विटेएवढा डबा अशी. हिला इथे ग्रॅनी केबल म्हणतात. आजीकडे गेलात तर तिच्या घरच्या साध्या प्लगवरही गाडी चार्ज होते म्हणून, असं सांगतात. (२०१७ पर्यंतची जुनी निसान लीफ घेत असाल तर गाडीच्या बाजूचं टोक टाइप १ लागतं. लीफ स्वस्तात मिळते म्हणून आपल्याकडे बरेच जण तीच पहिली घेतात, तेव्हा हे डोक्यात असू द्या.) मोटरवेवरच्या मोठ्या रॅपिड चार्जरना केबल त्यांचीच असते, तिथे आपलं काहीच लागत नाही.

पुण्यात नेक्सॉन ईव्ही वापरून आलेल्यांची इथे एक ठरलेली गफलत होते. तिकडे पार्किंगमध्ये वायरमनकडून पंधरा अँपिअरचा पॉवर पॉइंट बसवून घेतला, गिझरला असतो तसा, की गाडी रात्रभर निर्धास्त. इथे पॉवर पॉइंट हा प्रकारच नाही. मोबाइल, केटल, हीटर, सगळं एकाच तेरा अँपिअरच्या सॉकेटवर. गंमत म्हणजे आपला तो तीन जाड गोल पिनांचा प्लग मूळचा इथलाच. १९४७ मध्ये यांनी चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला नवा प्लग काढला आणि जुना आपल्याकडे राहिला. इथे तो आता नाटकाच्या दिव्यांना तेवढा दिसतो. तेव्हा तिकडची केबल बॅगेत घालून आणायची आणि वर अडॅप्टर लावायचा, हा उद्योग करू नका. एका घराने केला होता. नशीब चांगलं म्हणून नुसता फ्यूजच गेला.

तेरा अँपिअर लिहिलंय तर तेरा अँपिअर मिळायला हवेत, असं आपल्याला वाटतं. मिळतातही, केटलला. केटल तीन किलोवॉट ओढते, पण तीन-चार मिनिटं. गाडी आठ-दहा तास ओढते, रोज. तेवढ्या वेळात सॉकेटच्या आतली पितळी पट्टी जरा जरी सैल असेल तर ती तापत राहते. म्हणूनच नीट बनवलेली ग्रॅनी केबल दहा अँपिअरवरच थांबते. दहा गुणिले दोनशे तीस व्होल्ट, म्हणजे २.३ किलोवॉट.

आमच्या गॅरेजमधला सॉकेट मी कधी नीट बघितलाच नव्हता. भाड्याचं घर, सॉकेट आहे, चालतोय. केबल चांगली होती, आठवडाभर गाडी मजेत चार्ज झाली. नवव्या की दहाव्या रात्री पाणी प्यायला खाली उतरलो तर गॅरेजच्या दारापाशी एक ओळखीचा वास. कुकरचं काळं हँडल मोठ्या गॅसवर तापलं की येतो ना, तस्सा. प्लगला हात लाववत नव्हता. मेनमधून बंद करून ओढला तर न्यूट्रलच्या पिनेभोवती सॉकेट तपकिरी होऊन फुगलेला. इलेक्ट्रिशियनने दुसऱ्या दिवशी उघडून दाखवलं: आतल्या पट्ट्यांना पकडच उरलेली नव्हती, आधीच्या भाडेकरूचा ड्रायर वर्षानुवर्षं तिथेच लागत होता. केबलचा दोष नव्हता. माझाच होता.

त्यामुळे केबल घेण्याआधी ही दोन कामं करा.

घरमालकाकडून किंवा लेटिंग एजंटकडून ईआयसीआर मागा. घरातल्या वायरिंगच्या तपासणीचा हा अहवाल. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांप्रमाणे भाड्याच्या घराची ही तपासणी किमान दर पाच वर्षांनी व्हावीच लागते, आणि भाडेकरूला प्रत मिळणं हा हक्क आहे. मागायला संकोचू नका. त्यात सी१ म्हणजे धोका समोर उभा, सी२ म्हणजे धोका होऊ शकतो, सी३ म्हणजे सुधारलेलं बरं. ज्या सॉकेटला गाडी लावणार त्याच्या सर्किटला आरसीडी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे की नाही, तेही त्यात कळतं. त्याच ईमेलमध्ये गाडी लावायची परवानगीही लेखी मागून घ्या.

दुसरं काम घरचंच. तो सॉकेट आणखी कशाकशाच्या सर्किटवर आहे ते शोधा. इथे बहुतेक घरांत एका मजल्याचे सगळे सॉकेट एकाच बत्तीस अँपिअरच्या ब्रेकरवर, गोल फिरून येणाऱ्या वायरवर असतात. गाडी दहा, केटल तेरा, ड्रायर दहा. बेरीज करून बघा. हे सगळं एकदम चालण्याची वेळ बरोबर संध्याकाळी सातची, सगळे घरी आल्यावरची. म्हणून गाडी लावायची ती रात्री झोपताना, आणि पहिल्या काही रात्री तासाभराने उठून प्लगच्या पाठीला हात लावून बघायचं. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर बंद.

एक्स्टेन्शन बोर्ड? नाही. गुंडाळलेल्या चक्रीवरचा तर मुळीच नाही. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडायला जागाच नसते.

आता खरं गणित. २.३ किलोवॉटमधला दहा-पंधरा टक्के वाया जातो असं धरा, म्हणजे तासाला साधारण दोन युनिट बॅटरीत. युनिटला साडेतीन मैल धरले तर तासाला सात मैल. ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण स्लाऊहून रेडिंगला ऑफिस म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मैल, आणि ते सहा तासांत भरून निघतात. रात्री आपण तेवढे झोपतोच. इथले बरेच वीजपुरवठादार मध्यरात्रीनंतरच्या पाच-सहा तासांसाठी फार स्वस्त दर देतात, त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो. पाच तासांत ग्रॅनी केबलवर भिंतीतून साडेअकरा युनिट निघतात, म्हणजे पस्तीस मैलांची बेगमी स्वस्तात. भिंतीवरच्या सात किलोवॉटच्या चार्जरवर तेवढ्याच वेळात तिप्पट, पण तो बसवायला हजारेक पौंड लागतात आणि घर सोडताना तो भिंतीवरच राहतो. भाडेकरूंसाठी सरकारी अनुदान आहे, तरी घरमालकाची संमती हवीच. माझं मत विचाराल तर, वर्ष-दोन वर्षांसाठी भाड्याने राहणार, ड्राइव्हवे आहे, रोजचं अंतर चाळीस मैलांच्या आत, तर ग्रॅनी केबल घ्या आणि हजार पौंड घराच्या डिपॉझिटसाठी ठेवा. मिल्टन कीन्सच्या काकांचं म्हणणं उलट: रोज प्लगला हात लावून बघण्यापेक्षा एकदाचा चार्जर बसवलेला बरा. त्यांचं घर स्वतःचं आहे, हे लक्षात घ्या. हिवाळ्यात मात्र त्यांचं पारडं जड होतं. थंडीत मैल घटतात, आणि सकाळी गाडी गरम करायला सुरू केली की ग्रॅनी केबलचं सगळं त्यातच जातं, बॅटरीत फारसं काही पडत नाही.

ड्राइव्हवे नाही, दार उघडलं की फुटपाथ, अशा टेरेस घरांत राहणाऱ्यांनी ही केबल घ्यायच्या फंदात पडू नये. फुटपाथवरून वायर टाकणं हायवेज अॅक्टमध्ये बसत नाही, कुणी अडखळून पडलं तर अंगाशी येतं; काही कौन्सिल फुटपाथमध्ये केबलसाठी खाच पाडू देतात, आपल्या कौन्सिलला विचारा. फ्लॅटवाल्यांचंही तेच. त्यांनी पहिल्या प्रकारची, टाइप २ ते टाइप २ केबल घ्यावी, बत्तीस अँपिअरची आणि पाच मीटरपेक्षा लांब. लीफचं तोंड पुढे, दुसऱ्या गाडीचं मागच्या चाकाशी, आणि खांब नेमका उलट्या बाजूला, हे होणारच.

घ्यायचीच असेल तर आधी गाडीचा बूट उघडा, खालची फळी उचलून बघा. पूर्वी बऱ्याच कंपन्या केबल गाडीबरोबरच देत, आणि वापरलेल्या गाडीत ती तशीच पडून असते. नसेल तर भावाच्या बोलणीत तिचा विषय काढा. आमच्यातल्या तिघांना ती फुकट मिळाली. विकत घेताना आयईसी ६२७५२ हे मानक लिहिलेलं आहे का आणि प्लगमध्ये तापमान ओळखणारा सेन्सर आहे का, एवढं पाहा. सोळा अँपिअरपर्यंत वाढवता येते अशी जाहिरात असेल आणि टोकाला साधा तीन पिनांचा प्लग असेल तर ती टाळा. डबा सॉकेटवर लोंबकळत ठेवू नका, जमिनीवर किंवा खुंटीवर टेकवा, त्या वजनानेच सॉकेट सैल होतो.

राहता राहिला पाहुणचार. मंडळाच्या कार्यक्रमाला मिल्टन कीन्सहून डॉलिस हिलला गेलं की जाऊन-येऊन शंभरेक मैल होतात, आणि वाटेत कुणाकडे तरी जेवण असतंच. चार तासांत तीस मैल मिळतात, यजमानाचे दोन-अडीच पौंड जातात, बाकरवडीच्या पुड्यात फिटतात. फक्त विचारून लावा, आणि कुठला प्लग काढताय ते विचारून काढा. आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाने गाडी लावायला गॅरेजमधल्या फ्रीझरचा प्लग काढला आणि निघताना घाईत परत लावायचा राहिला. आम्हाला कळलं बुधवारी. खोवलेल्या नारळाची आठ पाकिटं, आईने जाताना करून ठेवलेल्या पुरणपोळ्या. आता त्या प्लगवर चिकटपट्टी आहे: "फ्रीझर. काढू नये." खाली धाकटीने स्केचपेनने नारळ काढलाय.