जुना बोलपट, नवी तबकडी

पुण्याच्या ‘प्रभात’ चित्रसंस्थेचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट १९३६ साली पडद्यावर आला. अशी चित्रे जतन करण्यासाठी १९६४ साली याच नगरीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. असा जुना बोलपट ब्लू-रे तबकडीवर उतरवावयाचा असेल, तर काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात.

साध्या ब्लू-रेच्या चित्रात आडव्या ओळीत १९२० बिंदू व अशा १०८० ओळी असतात. परंतु त्या काळच्या चित्राच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण सुमारे चारास तीन असे. पडदा भरावा म्हणून ते ताणले, तर तुकोबांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीसांची मुद्रा तिसऱ्या हिश्शाने रुंद दिसेल! त्यापेक्षा दोन्ही बाजूंस सुमारे २४० बिंदूंचे काळे पट्टे सोडणे केव्हाही इष्ट.

वेगाची बाब अधिक नाजूक. बोलपटात सेकंदाला २४ चित्रे सरकतात, आपल्या दूरचित्रवाणीवर २५. हा दुसरा वेग धरला, की १०० मिनिटांचा बोलपट ९६ मिनिटांत संपतो आणि अभंगाची पट्टीही किंचित चढते. कान तयार असलेल्या वारकऱ्यास ते तत्काळ खटकेल. ब्लू-रेवर २४ चा वेग ठेवता येतो; तेव्हा तोच निवडावा.