शाल, श्रीफळ आणि पावती

पोरगी टेनिस खेळते म्हटलं की लोक आधी रॅकेटची किंमत विचारतात. रॅकेट महाग असते हे खरं, पण एकदा घेतली की निघते दोन-तीन वर्षं. पैसा जातो तो रेल्वेत, लॉजवर आणि रॅकेटच्या तारांत. जळगावच्या एका पतसंस्थेत मी कर्जाच्या टेबलावर बसते, दिवसभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासते. तरी लेकीच्या टेनिसचा हिशोब मांडायला घेतला तेव्हा तो मला जुळवता येईना. लेक आता कॉलेजात आहे, स्पर्धा सोडल्यात, सकाळी हौसेनं खेळते. धुळ्याच्या माझ्या मावसभावाचा मुलगा मात्र यंदा 12 वर्षांखालच्या गटात उतरलाय आणि भावाचे फोन सुरू झालेत. ‘ताई, स्पॉन्सर कुठे मिळतो?’ हा त्याचा पहिलाच प्रश्न. मी म्हटलं, तो शेवटचा प्रश्न आहे, आधी बाकीचं ऐक.

अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, म्हणजे आपण पालक जिला ‘आयटा’ म्हणतो तिच्या, ज्युनियर स्पर्धा 12, 14, 16 आणि 18 वर्षांखालच्या गटांत होतात. टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज अशा त्यांच्या पायऱ्या. वर जाल तसे गुण जास्त आणि मुलंही तयारीची. साधारणपणे शनिवार-रविवारी पात्रता फेरी, सोमवारपासून मुख्य ड्रॉ. ड्रॉ 32 चा असला की पहिल्या फेरीनंतर 16 मुलं बाहेर. म्हणजे निम्म्या घरांनी आठवड्याचा खर्च केला तो एका सामन्यासाठी.

आता परतीचं तिकीट कधीचं काढायचं, सांगा. जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट कोल्हापूरला जाते, मनमाड, नगर, पुणे, मिरज करत. सोय चांगली, पण आरक्षण आधीपासून करावं लागतं. शुक्रवारचं काढलं आणि पोरगी सोमवारी हरली, तर चार दिवसांचं लॉजभाडं अंगावर, नाहीतर तिकीट रद्द करून वेटिंगवर परत. मंगळवारचं काढलं तर पोरीचं तोंड उतरतं, आईनं आपली हार आधीच बुक केली म्हणून. एकदा तिनं तिकिटावरची तारीख वाचली आणि रात्री जेवलीच नाही. नंतर आम्ही जाण्याचंच तिकीट रेल्वेचं काढायचो आणि येताना जे मिळेल त्या एस.टी.नं किंवा ट्रॅव्हल्सनं यायचो. पाठ मोडते, पण भांडण होत नाही.

म्हणून भावाला सांगितलं, पहिली दोन वर्षं नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर सोडून लांब जाऊ नको. रस्त्यानं जाता येतं, हरला तर रात्री घरी. पुणे, सोलापूर, कोल्हापूर करायचंच असेल तर लागोपाठच्या दोन आठवड्यांत दोन स्पर्धा येतील असं बघ, आणि दुहेरीचा जोडीदार निघण्याआधी ठरव. दुहेरीचे गुणही काही प्रमाणात क्रमवारीत धरतात, आणि एकेरीत हरलेल्या मुलाला आणखी एक-दोन सामने मिळतात. सामना खेळायला मिळणं हाच या वयातला खरा सराव. त्याआधीच्या, 10 वर्षांखालच्या मुलांसाठी हळू उसळणारे लाल, नारिंगी, हिरवे चेंडू असतात. 2012 पासून आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियमच तसा आहे. तरी आपल्याकडे हौशी बाप सात वर्षांच्या पोरापुढे मोठ्यांचा पिवळा चेंडू टाकतात आणि खांदा दुखतोय म्हणून डॉक्टरकडे जातात.

मेमधल्या उन्हाचं खान्देशात वेगळं सांगायला नको. पारा 44-45 ला गेला की साडेपाचला कोर्टावर आणि आठला घरी, एवढाच सराव. पुण्या-मुंबईची मुलं सुटीत दुप्पट खेळतात. ही तूट खरी आहे, आणि ती भरून काढायला पोराला बाहेर पाठवावं असं प्रत्येकाला वाटतं. आमची गाडी तिथेच घसरली.

लेकीनं राज्य पातळीवर बरी कामगिरी केली होती. गावात सत्कार झाला. बॅनरवर तिच्यापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे होते, ते असतातच. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि एका व्यापारी गृहस्थांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं की या लेकीच्या वर्षभराच्या खर्चाची जबाबदारी माझी. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पहिला चेकही वेळेवर आला आणि वटला. त्या भरवशावर आम्ही तिला पुण्यात एका अकॅडमीत ठेवलं. हॉस्टेल, मेस, कोचिंग, फिजिओ, सगळं तिमाहीच्या आगाऊ फीवर. जळगावच्या शाळेतून नाव काढलं. दिवाळीनंतर कापसाचा भाव बसला, त्यांचा पैसा अडकला, आणि फोन आधी उशिरा, मग मुनिमानं, मग कोणीच उचलेना. माणूस लबाड नव्हता, हे मी आजही सांगते. त्यांनी बोलताना वर्ष म्हटलं होतं आणि त्यांच्या डोक्यात सीझन होता. पण अकॅडमीच्या फॉर्मवर, मागच्या बाजूला बारीक अक्षरात, भरलेली फी कोणत्याही कारणानं परत मिळणार नाही हे छापलेलं होतं. लेक अर्ध्या वर्षात परत आली. मधल्या काळात स्पर्धा चुकल्या, जुने गुण मुदत संपून गळाले, क्रमवारी खाली गेली, आणि नववीचा अभ्यास दोन्ही शाळांच्या मधे राहिला. माझ्या मावशीनं अहिराणीत एका वाक्यात निकाल दिला होता, ‘पोर खेळस ते खेळू दे, पन वावर इकू नको.’ वावर आम्ही विकलं नाही. सोनं मात्र तारण गेलं.

तर शब्द देणारा कितीही मोठा असो, एक पान लिहून घ्या. रक्कम किती, कोणत्या तारखेला, कशासाठी, कधीपर्यंत, आणि थांबवायची झाली तर किती महिने आधी कळवणार. यात अपमान कोणाचाच नाही. व्यापारी माणसाला तर लिहिलेलंच बरं वाटतं. आणि ज्या पैशावर पोर गाव सोडणार आहे तो निदान वर्षाचा पैसा आधी खात्यात दिसू द्या. पहिला चेक वटला म्हणजे पुढचे वटतील, असं आमच्या पतसंस्थेत कोणी म्हटलं तर त्याला कर्जाच्या टेबलावर बसू देत नाहीत.

दुसरा प्रसंग कोर्टाबाहेर ओळख काढलेल्या एका सल्लागाराचा. परदेशात खेळवतो, खर्च मी करतो, तुम्ही फक्त सही करा. करार वाचायची मला सवय, त्यामुळे चहा गार झाला तरी मी वाचत होते. वयाच्या पंचविशीपर्यंत बक्षिसाच्या रकमेत आणि जाहिरातींच्या उत्पन्नात टक्का, आणि खेळ सोडला तर झालेला सगळा खर्च पालकांनी व्याजासह परत करायचा. अल्पवयीन मुलाची सही कायद्यात चालत नाही, म्हणून सही तुमची घेतात, आणि फेडीचं कलम तुमच्या गळ्यात पडतं. मी कागद परत दिला. तुमच्यापुढे असा कागद आला तर वकिलाची फी द्या, ती स्वस्त पडते.

टक्के कशाचे, हेही समजून घ्या. आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धांत, जे30 पासून जे500 पर्यंत, बक्षिसाची रक्कम नसतेच. पुढे महिलांच्या सर्वांत खालच्या व्यावसायिक पायरीवर, डब्ल्यू15 स्पर्धेत, साऱ्या खेळाडूंना मिळून 15,000 डॉलर. सुमित नागलनं 2015 मध्ये विम्बल्डनच्या ज्युनियर दुहेरीचं विजेतेपद मिळवलं होतं. तोच नागल देशाचा अव्वल एकेरी खेळाडू असताना, 2023 मध्ये, आपल्या खात्यात 900 युरो उरल्याचं सांगत होता. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यानं मानांकित बुब्लिकला हरवलं. खेळाच्या कमाईतून खेळाचा खर्च निघेल, हे गणित घरात कोणी मांडत असेल तर त्याला ही गोष्ट सांगा.

मग पैसा आणायचा कुठून? कंपनीकडे गेलात तर तिचे दोन खिसे वेगळे असतात. एक जाहिरातीचा, दुसरा सामाजिक दायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा. निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नक्त मालमत्ता 500 कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी कंपनीला सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्या यादीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण आहे. पण शर्टावर लोगो लावून देतो म्हणालात की ते सीएसआरमध्ये बसत नाही, ती जाहिरात झाली. शिवाय सीएसआरचा पैसा सहसा तुमच्या खात्यात येत नाही, नोंदणीकृत संस्थेमार्फतच येतो. एकट्या पोरासाठी दार वाजवण्यापेक्षा तुमच्या क्लबानं किंवा जिल्हा संघटनेनं आठ-दहा मुलांचा प्रस्ताव दिला तर तो टेबलावर टिकतो. जळगावात जैन उद्योगसमूहाच्या पाठबळावर बुद्धिबळ, कॅरम, क्रिकेट उभं राहिलेलं आपण बघतोच. तिथे खेळाडूंची फळी तयार झाली. टेनिसची मुलं जिल्ह्यात मोजकी, म्हणून त्यांनी एकत्र जायला हवं. प्रत्यक्षात पालक एकमेकांपासून देणगीदारांची नावं लपवतात. मीही लपवली होती, आणि एकाच देणगीदाराकडे आम्ही तिघीजणी वेगवेगळ्या दिवशी जाऊन आलो होतो.

ओळखीच्या माणसानं थेट पैसे दिले तर कराचं भान ठेवा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला 50,000 रुपयांवर रक्कम आली की ती पूर्ण उत्पन्नात धरतात. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या मदतीला नियम वेगळा. सीएला एकदा विचारा.

सरकारी वाट हळू चालते पण आहे. राज्याच्या ‘मिशन लक्ष्यवेध’साठी निवडलेल्या खेळांत लॉन टेनिस आहे. ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्या खेळाडूला किरकोळ खर्चासाठी महिन्याला 10,000 रुपये मिळतात. शालेय क्रीडा स्पर्धा पुष्कळ टेनिसवाले पालक कमी लेखतात, तसं करू नका. जळगाव-धुळे नाशिक विभागात येतात. जिल्हा, विभाग, राज्य असं चढत गेलं की दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं 5 टक्के आरक्षण यांचा रस्ता त्या प्रमाणपत्रांतून जातो. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जूनमध्येच एक चक्कर मारून वेळापत्रक घ्या.

आणि पुण्याला गेल्याशिवाय काही होत नाही, हेही पूर्ण खरं नाही. ऐश्वर्या जाधव कोल्हापुरात घडली आणि 2022 मध्ये विम्बल्डनच्या 14 वर्षांखालच्या पहिल्याच स्पर्धेत भारताकडून खेळली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर सुवर्ण जिंकलेली ऋतुजा भोसले श्रीरामपूरची, आपल्या महाराष्ट्र एक्सप्रेसच्याच वाटेवरचं गाव. ती पुढे अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत खेळली. पुण्याचा अर्जुन कढेही ओक्लाहोमा स्टेटमध्ये शिकला. ही वाट अभ्यास सोडलेल्या मुलांना मिळत नाही.

आता भावाचा शेवटचा प्रश्न. त्यानं धुळ्यातल्या एका ओळखीच्या दुकानदाराला ‘पोराला स्पॉन्सर करा’ म्हणून विचारलं होतं. उत्तर आलं, बघू. मी त्याला पत्र नव्यानं लिहायला लावलं. पोराच्या स्वप्नाबद्दल एक ओळही नाही. आयटाचा नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, सध्याची क्रमवारी, पुढच्या सहा महिन्यांतल्या स्पर्धा, आणि मागणी एकच: सरावाचे चेंडू आणि तारा, महिन्याला अमुक रुपये, बिल दुकानाच्या नावे. दुकानदारानं तिथल्या तिथे होकार दिला. आता दर तिमाहीला त्याला एक पान जातं, पावत्या जोडून, हरलेले सामनेही लिहून. हरलेले कशाला, म्हणून भाऊ कुरकुरला. पण गेल्या वेळी दुकानदारानं पान वाचून फोन केला तो हरलेल्या सामन्याबद्दलच, तिसऱ्या सेटमध्ये काय झालं म्हणून.

फाइल एकच ठेवा. जन्माचा दाखला सगळ्यांत वर. नोंद जन्मानंतर उशिरा केलेली असेल तर वयाच्या तपासणीचं झंझट लागू शकतं, ते आधीच निस्तरा. त्याखाली आधार, पासपोर्ट, शाळेचा बोनाफाइड, प्रमाणपत्रं तारखेप्रमाणे. प्रवेशिकेची आणि माघारीची शेवटची तारीख वेगळ्या कागदावर भिंतीला. वेळेत माघार घेतली नाही तर दंड होतो. आणि नोंदणीला मोबाइल नंबर कोणाचा द्यायचा ते नवरा-बायकोनं आजच ठरवा. आमच्याकडे तो यांचा होता, हे ड्यूटीवर फोन बंद ठेवायचे, आणि सोलापूरची एक प्रवेशिका ओटीपीची वाट बघता बघता गेली.