गाडीचे कूलंट आणि कुकरची शिट्टी : घरातून शिकूया उष्णतेचा पाठ



महाड-पोलादपूर भागात आता बऱ्याच शिक्षकांच्या दारात जुनी का होईना, एक चारचाकी असते. आमच्याकडेही आहे. मागच्या मे महिन्यात आम्ही घरचे सगळे पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला निघालो होतो. एसी चालू, गाडीत पाच माणसं. निम्मा घाट चढलो आणि टेम्परेचरचा काटा लाल खुणेकडे सरकला. बॉनेटमधून वाफ येऊ लागली.

गाडी कडेला घेतली. माझे सासरे पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन थेट रेडिएटरचं झाकण उघडायला गेले. तेवढ्यात माझा सहावीतला मुलगा ओरडला, "आजोबा, थांबा! शिट्टी होत असताना आपण कुकर उघडतो का?" सासरे थबकले. ते झाकण त्या वेळी उघडलं असतं तर उकळतं पाणी त्यांच्या तोंडावर आलं असतं. उष्णतेचा पाठ मी कित्येक वर्षं शिकवते, पण त्या क्षणी मला तो आठवला नाही, मुलाला आठवला. म्हणून हा लेख.

कूलंट म्हणजे काय?

इंधन जळून तयार होणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच गाडी पळवायला उपयोगी पडतो. उरलेली उष्णता धुरावाटे आणि इंजिनच्या धातूतून बाहेर पडते. धातूतली उष्णता वाहून नेण्याचं काम कूलंट करतं. वॉटर पंप ते इंजिनभोवती फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत वारा आणि पंखा ते थंड करतात आणि ते परत इंजिनकडे जातं.

कूलंटमध्ये साधारणपणे इथिलीन ग्लायकॉल, शुद्ध केलेलं पाणी आणि गंज रोखणारी रसायनं असतात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे उघड्या भांड्यातलं पाणी १०० ऐवजी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण मात्र कुकरसारखा दाब धरून ठेवतं. हा दाब आणि ग्लायकॉल यामुळे उत्कलनबिंदू १२० अंशांच्या पुढे जातो. झाकण अचानक उघडलं की दाब जातो आणि गरम द्रव क्षणात उकळून उसळतो.

तपासणी कशी करावी?

१. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, गाडी सपाट जागी लावून पाहा.
२. कूलंटच्या टाकीवर मिन आणि मॅक्स अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्यामध्ये हवी.
३. रंग गढूळ, तांबूस किंवा तेलकट दिसला तर मेकॅनिकला दाखवा.
४. होज पाईप फुगलेत का, चिरलेत का आणि गाडीखाली ओल आहे का, तेही बघा.
५. पातळी सारखी कमी होत असेल तर नुसतं भरत राहू नका, गळती शोधा.
६. कोणतं कूलंट आणि किती वर्षांनी बदलायचं, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहा. केवळ रंग सारखा म्हणून दोन वेगळी कूलंट मिसळू नका.

आमच्या गाडीत काय झालं होतं? एक होज चिरला होता आणि वर्षभर आम्ही त्यात नळाचं पाणी ओतत होतो. मेकॅनिकने आत साचलेला पांढरा थर दाखवला. चूक आमचीच होती.

घाटात गाडी तापली तर?

एसी बंद करा, सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. वाफ दिसत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेटही उघडू नका. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, त्याला तासभरही लागू शकतो. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. गाडी थंड झाल्यावर अडचणीत पिण्याचं पाणी भरून गॅरेजपर्यंत जाता येतं, पण नंतर कूलंट नीट बदलून घ्या.

वर्गात घ्यायची कृती

दोन स्वच्छ स्टीलच्या ताटल्या घ्या. एकीत नळाचं किंवा विहिरीचं पाणी, दुसरीत बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, दोन्ही सारखं घ्या आणि उन्हात ठेवा. पाणी आटल्यावर कोणत्या ताटलीत पांढरे डाग राहतात, ते मुलांना पाहू द्या. मग विचारा, "हाच थर रेडिएटरच्या बारीक नळीत साचला तर?" उत्तर मुलं स्वतःच देतात.

एक काळजी मात्र घ्या. खरं कूलंट वर्गात आणू नका. ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं. सांडलेलं कूलंट लगेच पुसा, कुत्र्या-मांजरांनाही त्याचा धोका असतो. उरलेला डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा, पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

पालकांनो, पुढच्या वेळी बॉनेट उघडाल तेव्हा मुलांना बाजूला उभं करा. "इथे हात लावू नको" एवढंच सांगून थांबू नका, का लावायचा नाही तेही सांगा. आमच्या घरी त्या "का"नेच आजोबांना वाचवलं.